'पेशंट चालतो' म्हणजे नक्की किती चालतो?

डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर हमखास एक वाक्य असते: 'पेशंट आधाराशिवाय चालतो.' माझा या वाक्यावर आक्षेप आहे. तापाच्या पेशंटला आपण 'अंग गरम आहे' एवढेच लिहीत नाही, १०२ लिहितो. मग चालण्याचा आकडा का नाही?

मशीन लागत नाही. टेप आणि मोबाईलचे स्टॉपवॉच पुरे. सपाट जागेवर १४ मीटर आखा. पेशंटला नेहमीच्या चालीने चालू द्या. सुरुवातीचे व शेवटचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या १० मीटरला लागलेले सेकंद मोजा. १० ला त्या सेकंदांनी भागा, वेग मिळेल. काठी वापरली तर तसे लिहा. पडू नये म्हणून शेजारी एकजण हवा, पण त्याने ओढायचे नाही. 'वेळ नाही' म्हणणाऱ्यांसाठी: हे पाच मिनिटांचे काम आहे.

अमेरिकेतील डॉ. जॅकलिन पेरी यांच्या १९९५ च्या पक्षाघातावरील अभ्यासानंतर रूढ झालेला ढोबळ हिशेब असा: सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे चालणे घरापुरते, ०.८ च्या वर म्हणजे बाहेर मोकळेपणाने फिरता येते.

आमच्या पालीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. ०.४ च्या वेगाने १४ मीटर रस्ता ओलांडायला ३५ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरचा ट्रक ५८० मीटर पुढे येतो. कार्डावर मात्र हा पेशंटही 'चालतो'!

डोक्याच्या दुखापतीत नुसता वेगही पुरत नाही. तरुण पेशंट फरशीवर झपझप चालतो, पण जिन्यात किंवा चालता चालता बोलताना तोल जातो. त्यासाठी पायऱ्या, धावणे, उडी अशा १३ गोष्टी तपासणारी 'हायमॅट' चाचणी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्याला तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे असते. 'चालतो' एवढे वाचून घरचे मुकादमाकडून उचल घेतात. फडात तो पडला की दुखणे वाढते आणि उचल अंगावर बसते.

म्हणून नातेवाईकांनो, सुट्टी घेताना डॉक्टरांना आकडा मागा. दर महिन्याला त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर व्यायाम थांबवू नका. अडला किंवा घटला तर लगेच दाखवा. आणि डॉक्टर मित्रांनो, 'चालतो' हा शेरा आहे, तपासणी नव्हे.