वीजघराची ऊब

लंडनच्या बॅटरसी वीजघराच्या जीर्णोद्धाराचे कौतुक मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. ते मला मान्य नाही.

थेम्सकाठचे हे वीजघर दोन हप्त्यांत बांधले गेले; पहिला भाग १९३५ साली पुरा झाला, दुसरा १९५५ साली. एके काळी लंडनची सुमारे पंचमांश वीज येथून जाई. पण मला त्याची थोरवी वाटते ती निराळ्याच गोष्टीसाठी. १९५० नंतर यंत्रांतून वाया जाणारी उष्णता नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे पिम्लिकोत नेली, आणि पालिकेने बांधलेल्या भाड्याच्या घरांना ऊब व ऊन पाणी पुरविले. फेकून द्यायचे तेही शेजाऱ्याच्या घरी पोचविणारे वीजघर होते ते!

१९८३ साली ते बंद पडले. पुढे छप्परही गेले, मालक बदलत राहिले. २०१२ साली मलेशियातील कंपन्यांनी ते घेतले आणि २०२२ च्या ऑक्टोबरात दरवाजे उघडले. आत काय? दुकाने, कचेऱ्या, श्रीमंतांचे फ्लॅट. एका नियंत्रण-कक्षात मद्यालय आहे, एका धुराड्यातून तिकीट काढून वर जायचे. प्रकल्पात परवडणारी घरे व्हायची होती ६३६. २०१७ साली वाढत्या खर्चाचे कारण पुढे करून ती ३८६ वर आणली, आणि स्थानिक पालिकेने मान डोलावली. चारही धुराडी मात्र उतरवून हुबेहूब पुन्हा उभारली. त्यांना पैसे पुरले.

कोणी म्हणेल, खाजगी पैसा आला नसता तर भिंतीही उरल्या नसत्या. असेलही. पण त्याच नदीकाठी, त्याच गाइल्स गिल्बर्ट स्कॉटने रेखलेले बँकसाइडचे वीजघर आहे. (लंडनचा लाल टेलिफोनचा डबाही याच गृहस्थाचा.) ते १९८१ साली बंद झाले, पाडण्याच्याही गोष्टी निघाल्या. २००० साली लॉटरीचा सार्वजनिक पैसा नि देणग्या यांतून तेथे टेट मॉडर्न कलासंग्रहालय उघडले. खास प्रदर्शनांना तिकीट पडते. टर्बाइनच्या त्या प्रचंड दालनात मात्र कोणीही फुकट शिरावे. भोवती काचेचे महागडे मनोरे उगवले, हे मला ठाऊक आहे. तरी दालन कोणाचा खिसा तपासत नाही.

बॅटरसीचे पुढचे टप्पे अजून बांधायचे आहेत. कापलेली अडीचशे घरे त्यांत आधी उभी करा. दुकाने मागाहून वाढवा.