मातीला पाठ असते

मातीकामाला नावं ठेवणाऱ्यांपेक्षा त्याचं कौतुक करणाऱ्यांनीच त्याचं जास्त नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नावं ठेवणारे निदान सरळ बोलतात: चिखलात हात घालून मिळणार काय, मार्क किती, पुढे स्कोप काय? कौतुक करणारे मात्र डोळे अर्धवट मिटून सांगतात, की माती म्हणजे ध्यान, मातीने ताण जातो, मुलं मोबाइलपासून लांब राहतात. अशी स्तुती झाली की मातीचा तास हा अभ्यासाचा विषय उरत नाही, तो उपचार होतो. आणि उपचाराचा अभ्यासक्रम कोण आखतो, त्याची परीक्षा कोण घेतो?

मी कोल्हापुरात कलामहाविद्यालयाच्या फाउंडेशनच्या वर्गात शिकते. वेळापत्रकात मातीकाम आहे, म्हणजे थोडं चेहऱ्याचं, थोडं चाकावरचं. मन शांत झाल्याचा अनुभव मला अजून यायचा आहे. चाकावर बसलेल्या माणसाचा फोटो शांत दिसतो खरा; प्रत्यक्षात कोपर मांडीवर रोवून, दंड अंगाशी आवळून गोळा मध्यावर आणावा लागतो. तो केसभर जरी बाजूला राहिला तरी डगमगतो, आणि भिंत वर ओढायला घेतली की ती डगमग काठापर्यंत चढते. पाणी कमी पडलं तर बोटं मातीला ओढतात, जास्त झालं तर भिंत बसते. या सगळ्यात मन रिकामं कुठलं होतंय, ते सतत हिशेब करत असतं: तळाला किती माती ठेवली, वर ओढायला किती उरली, थांबायचं कधी. शांतताच हवी असेल तर पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसावं, तिथे फी लागत नाही.

आता सरळ बोलणाऱ्यांकडे वळू. त्यांचा मुद्दा मार्कांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्रातल्या शाळांमधली चित्रकला एलिमेंट्री आणि इंटरमीजिएट या शासकीय परीक्षांभोवती फिरते. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे सगळे पेपर कागदावरचे. घनभूमितीसुद्धा कागदावरच. रेषा मला या परीक्षांनीच शिकवली, तेव्हा त्यांच्यावर माझा राग नाही. पण पाच-सहा वर्षं फक्त कागद हाताळलेल्या मुलांचं काय होतं, ते बघायचं असेल तर त्यांना मातीत माणसाचं डोकं करायला द्यावं.

आमच्या वर्गात ते दिलं, तेव्हा समोरून बहुतेक डोकी बरी दिसत होती. नाक नाकाच्या जागी, ओठ रेखीव, एकाच्या भुवया तर हेवा वाटावा अशा. सरांनी एकेक टर्नटेबल पाव फेरा फिरवलं आणि सगळा वर्ग गप्प झाला. कवटीला खोलीच नव्हती. बाजूने पाहिलं तर माणसाचं डोकं जवळजवळ जेवढं उंच तेवढंच खोल असतं, आणि कान मध्याच्या किंचित मागे बसतो. आमचे कान गालांवर आले होते, कारण मागे त्यांना जागाच ठेवली नव्हती. आम्ही डोकं केलंच नव्हतं, चेहऱ्याचं चित्र मातीत लिंपलं होतं. छायाप्रकाश उत्तम दाखवणारी मुलं होती ही. प्रकाश ज्या उंचवट्यावर पडतो तो उंचवटा मागे कुठे जाऊन संपतो, हा प्रश्न कागदाने त्यांना कधी विचारलाच नव्हता. मातीला पाठ असते, आणि टर्नटेबल फिरलं की ती उघडी पडते.

पाठीच्याही पलीकडे आणखी एक बाजू आहे, ती आतली. डोकं भाजायचं असेल तर ते भरीव ठेवून चालत नाही. माती जरा घट्ट झाली की तारेने कापायचं, आतून बोटाच्या जाडीपर्यंत कोरायचं, कापलेल्या कडा खरवडून, पातळ माती लावून पुन्हा जोडायच्या आणि आतली हवा जायला कुठेतरी एक भोक ठेवायचं. म्हणजे सगळे सोपस्कार झाल्यावर तुमचा तो भारदस्त चेहरा हा एक वेडावाकडा माठच असतो. भिंत एकसारखी हवी, वाळणं सावकाश हवं, पोकळी बंद नको. मडक्याला आणि पुतळ्याला आगीचा नियम एकच.

इथेच एक लोकप्रिय समजूत मोडून काढते. भट्टीत काम फुटलं की सगळे सांगतात, मळताना हवेचा बुडबुडा राहिला. हे ऐकायला पटतं, पण हवा फार तर काही पट फुगते आणि मातीच्या छिद्रांतून वाटही काढते. खरा घात करतं ते जाड भागात अडकलेलं पाणी. त्याची वाफ होताना ते सोळाशेपटीहून अधिक जागा मागतं, आणि ती घाईघाईने मागितली की पुतळ्याचं नाक भट्टीच्या दुसऱ्या टोकाला सापडतं. माती मळायची ती बुडबुड्यांच्या भीतीने नव्हे, ओलावा आणि पोत सगळीकडे सारखा व्हावा म्हणून. हे रसायनाच्या किंवा भौतिकाच्या वर्गात सांगितलं असतं तर मी परीक्षेपुरतं पाठ केलं असतं.

तिसरा आक्षेप फार सुशिक्षित मंडळींकडून येतो: मुलांना तंत्र शिकवू नका, मोकळं सोडा, त्यांची कल्पकता मरते. हे म्हणणारे बहुधा स्वतः मातीत हात घालत नाहीत. प्रमाण मोडा, नाक कानाला लावा, माणसाला बैलाचं डोकं द्या, मातीची काहीच हरकत नाही. तिची हरकत जाडीला, वजनाला आणि आधाराला आहे, आणि ती हरकत काही सरांनी घातलेली नाही. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात सिमेंट आणि जांभ्याच्या खडीतून ‘संथाल कुटुंब’ उभं केलं, तेव्हा तुळतुळीत अकादमिक पुतळ्याची सगळी शिस्त त्यांनी मोडली. पण आत सांगाडा घट्ट नसता तर ती बंडखोरी पायावर उभीच राहिली नसती. आपल्याकडे सासवण्याच्या विनायकराव करमरकरांनीही सिमेंटमध्ये आपल्या भोवतालची साधी माणसं घडवली. गणपतराव म्हात्रे तर ‘मंदिरपथगामिनी’ घडवताना जे. जे.मध्ये विद्यार्थीच होते, वयाची विशीही धड ओलांडलेली नव्हती. त्या लुगड्याच्या चुण्या कल्पकतेने पडल्या की अभ्यासाने, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. मला तो पोकळ वाटतो.

खरं भांडण मात्र पुढे आहे. शिल्प ही कला आणि मडकं ही कारागिरी, ही वाटणी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना हस्तव्यवसायांची ओळख करून द्यायला सांगितलं आहे. सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम या यादीत कुंभारकामही आहे, आणि दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोयही आहे. हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्यातून मुलाच्या मनात काय बसणार? की चित्र आणि शिल्प कलेच्या तासाला, आणि माठ दप्तर नसेल त्या दिवशी.

इतिहास या वाटणीच्या बाजूने नाही. ज्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे आपण पुतळ्यांसाठी बघतो, तिथे लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायला आले, आणि १८७०च्या दशकात त्याच शाळेत झिलईदार भांडी तयार होत होती, त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असे. त्याही मागे जायचं तर घोड नदीकाठच्या इनामगावात जा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत तोटीची रंगवलेली भांडी मिळाली, भट्टी मिळाली, आणि घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीच्या पेटीत ठेवलेली बिनडोक्याची कच्च्या मातीचीच स्त्रीमूर्तीही मिळाली, सोबत एक बैल. तेरला सातवाहनकाळच्या मूर्ती दोन साच्यांत दाबून, आतून पोकळ करत. ते मडक्याचंच शहाणपण आहे, मूर्तीला लावलेलं.

आणि एवढं लांब कशाला? आमच्या कोल्हापुरात बेंदराला पूजायचे मातीचे बैल, उन्हाळ्यातले माठ, दिवाळीच्या पणत्या आणि गणपती हे सगळं कुंभार गल्लीतल्या एकाच घरातून येतं. भाद्रपद जवळ आला की त्याच माणसाला आपण मूर्तिकार म्हणतो, विसर्जन झालं की तो पुन्हा कुंभार. तंत्र बदललेलं नसतं, माणूस बदललेला नसतो. मग ही वाटणी कलेची कशी? ती जातीची आहे, एवढं साधं वाक्य आमच्या कलेतिहासाच्या वह्यांत कुठे येत नाही. पुतळा करणाऱ्याला सही करता येते, मडकं करणाऱ्याला नाही. आणि सहीवाल्याचा वर्ग वेगळा, बिनसहीवाल्याचं प्रात्यक्षिक वेगळं. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या गल्लीतला आहे. माती किती ओली हवी हे तो बोट लावून सांगतो. सर सोडून सगळा वर्ग त्याला विचारतो.

तर माझं म्हणणं असं: शाळेच्या कलाविषयात माती हवी, ती विरंगुळा म्हणून नको, आणि मडकं व मूर्ती एकाच तासाला हवीत. मडकं करताना भिंत आणि पोकळी कळते, मूर्ती करताना उंचवटा आणि पाठ कळते. एकाशिवाय दुसरं अर्धवट राहतं. खर्चाचं कारण फार पुढे करू नये. न भाजलेलं काम वाळवून, फोडून, भिजत घातलं की तीच माती पुढच्या वर्षी मिळते. कागदाचं असं होत नाही. भट्टी प्रत्येक शाळेत लागत नाही. निवडक कामं कुंभाराच्या आव्यात, त्याचा मोबदला देऊन, भाजता येतात.

राहिला तपासण्याचा प्रश्न. मातीकामाला मार्क कसे द्यायचे, ते दिसायला छान की वाईट यावर? बिलकूल नको. तेरचेच गोरोबाकाका संतांच्या मेळाव्यात थापटणं घेऊन डोकी तपासतात आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवतात, ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो. पण कुंभाराकडे परीक्षेची रीत आहे, हेही त्यात आहे. भाजलेल्या भांड्यावर टिचकी मारली की तडा आवाजात कळतो. ओलं भांडं तारेने उभं चिरलं की भिंतीची जाडी तळापासून काठापर्यंत उघडी पडते, तिथे नक्षीची वशिलेबाजी चालत नाही. डोकं टर्नटेबलवर फिरवून चारही बाजूंनी पाहावं, मग उलटं करून आतून पाहावं. एवढी पारदर्शक तपासणी संकल्पचित्राच्या पेपरालाही नाही.

ती करायला परीक्षक कुठून आणायचे, हा शेवटचा आक्षेप मी आत्ताच ऐकते आहे, कारण बहुतेक चित्रकला शिक्षकांनाही मातीचं शिक्षण फारसं मिळालेलं नसतं. ते खरं आहे. म्हणून दप्तराविनाच्या दिवशी ज्या माणसाला मुलांची करमणूक करायला बोलावता, त्याला परीक्षेच्या दिवशी बोलवा. चहा-पोह्यांवर बोळवण न करता, बाकीच्या परीक्षकांइतक्याच मानधनावर, आणि गुणपत्रिकेवर त्याची सही घेऊन.