पोट बरे झाले, मग पाय का लटपटतात?

रामदासपेठेतील एका भगिनीने विचारले आहे : “आमच्या ह्यांचे जुलाब थांबून दहा दिवस झाले. आता पायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय लटपटतात, चप्पल निसटून जाते. सासूबाई म्हणतात, जुलाबाचा अशक्तपणा आहे. पेज द्या, तेल चोळा. काय करावे?”

ताई, तुम्हाला उत्तर फोनवर आधीच कळवले आहे, कारण अंक हाती पडेपर्यंत थांबण्यासारखी ही तक्रार नाही. इतर मैत्रिणींसाठी इथे सविस्तर लिहिते.

जुलाबाचा अशक्तपणा खाणेपिणे सुरू झाले की ओसरू लागतो. इथे उलटे आहे : पोट ठीक, पण ताकद दिवसेंदिवस कमी. दोन्ही पायांपासून सुरू होऊन अशक्तपणा वर हातांकडे चढत असेल, तर गुलेन बॅरी, म्हणजेच जीबीएसची शंका घ्यायलाच हवी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याची साथच आली. दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. काहींच्या शौचाच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले.

असे का होते? या जंतूच्या अंगावरचे काही घटक आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकांसारखेच असतात. जंतूला मारायला शरीराने तयार केलेली शस्त्रे मग चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालतात. म्हणून पोट बिघडल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय बोलू लागतात. घाबरू नका, जुलाब झालेल्या हजारांत एखाद्यालाही हे क्वचितच होते. शिवाय जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मात्र वेळ दवडू नका. त्याच दिवशी मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे किंवा थेट मेडिकल, मेयोला न्या. गिळताना ठसका लागला, आवाज बसला, दम लागला, तर रात्र असली तरी निघा. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की कृत्रिम श्वास द्यावा लागतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणे, हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरतात. तेल चोळून हे थांबत नाही. औषध महाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा, रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवा. बरे व्हायला महिने लागतात, व्यायाम चिकाटीने करावा लागतो, पण बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण जंतू मेल्याची खात्री नसते. दूध न तापवता देऊ नका. कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. ती न धुता पूर्ण शिजवा. तिची सुरी-पाट कोशिंबिरीला वापरू नका. हात साबणाने धुवा.

आणि घरात कुणाला जुलाब झाले, तर ते थांबल्यावरही पुढचे तीन-चार आठवडे त्या माणसाच्या चालीकडे लक्ष असू द्या.