गवताची गासडी आणि माणसाची छाती

गेल्या पावसाळ्यात माथेरानचा एक घोडेवाला आमच्या ओपीडीत तिसऱ्यांदा आला. संध्याकाळी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप. आधी दोनदा आम्ही न्यूमोनिया समजून उपचार केले होते. इथे दाखल असताना तो बरा व्हायचा. घरी गेला की पुन्हा तेच. या वेळी विचारले, ‘‘सकाळी काय काम करता?’’

‘‘घोड्यांना गवत सोडतो, साहेब. मोठी गासडी घेतलीय, स्वस्त पडते. आत जरा बुरशी आहे.’’

दुखण्याचे मूळ तिथेच होते. बुरसटलेल्या गवतातले सूक्ष्म जीव धुळीबरोबर फुप्फुसात जातात आणि चार ते आठ तासांनी ताप, धाप सुरू होते. याला ‘फार्मर्स लंग’ म्हणतात. १९३२मध्ये ब्रिटनमध्ये त्याची नोंद झाली. वारंवार असे झाले तर फुप्फुस कायमचे निबर होते.

गवत ओलसर असताना बांधले, की गासडी आतून तापते आणि बुरशी धरते. मोठ्या गासडीत ही ओल कोंडून राहते. शिवाय हिशेब पाहा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज साधारण सात किलो सुके गवत लागते. दोन घोडे वीस किलोंची गासडी दीड दिवसात संपवतात. तीनशे किलोंची तीन आठवडे पुरते. सह्याद्रीच्या पावसात तीन आठवडे उघडे पडलेले गवत कोरडे कसे राहील? वीस घोड्यांच्या पागेत तीच गासडी दोन दिवसांत संपते, तिथे ती जरूर घ्यावी.

लहान गासड्या महाग पडतात, उचलही वाढते, हे खरे. तरीही गासडी भावावर नव्हे, ती किती दिवसांत संपेल यावर निवडावी, असे माझे मत आहे. कारण याच धुळीने घोड्यालाही दमा होतो, आणि घोडा बसला की रोजगारही बसतो.

गासडी उघड्यावर सोडा. कुबट वास किंवा पांढरी धूळ दिसली तर ती टाकून द्या. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. आणि डॉक्टरने विचारले नाही, तरी आपला धंदा सांगा. आम्ही पहिल्याच भेटीत विचारले असते, तर त्या माणसाचे दोन महिने वाचले असते.