संपात आधी रिकामी जागा ठेवा!

संप म्हटलं की आमच्या घरात अजून १९८२ चा गिरणी संप आठवतो. त्यामुळे मी फोनवर "संपाची काच कापून आली का?" असं विचारलं, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगं कामाच्या ताणानं गेलं! तर मंडळी, हा संप वेगळा. खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली, कपाटात दडवलेली दुसरी छोटी टाकी म्हणजे संप. वरच्या टाकीतलं पाणी ओसंडून पाइपानं खाली येतं, तिथे स्किमर त्यातली घाण फेसावर काढतो आणि पंप ते पाणी परत वर ढकलतो. झालं!

आता भांडण. छोट्या टाकीचा संप आखायला बसलेला माणूस सगळ्यात आधी यंत्रांची यादी करतो. मोठा स्किमर, रिअॅक्टर, हीटर, शेवाळासाठी वेगळा कप्पा... आणि मग हे सगळं दोन फुटांच्या कपाटात कसं कोंबायचं याचं कोडं सोडवत बसतो. दुकानदारही खूश. माझं म्हणणं आहे की ही सुरुवातच उलटी आहे. छोट्या संपातली सर्वात महत्त्वाची वस्तू विकत मिळत नाही. ती म्हणजे रिकामी जागा. आधी ती मोजा, उरलेल्या जागेत बाकीचं बसवा. बसत नसेल तर यंत्र कमी करा, जागा नाही.

का? कारण वीज जाते. माझी टाकी नागोठण्याच्या घरी आहे आणि मी सोमवार ते शुक्रवार पुण्यात कोड लिहितो. पावसाळ्यात आमच्याकडे वारा सुटला, तारेवर फांदी पडली की अंधार. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा जिल्ह्यातली कित्येक गावं अनेक दिवस विजेविना होती. मग वीज कायम असेल असं गृहीत धरून डिझाइन करणं म्हणजे सर्व्हर कधी पडणारच नाही असं समजून सॉफ्टवेअर लिहिणं. ऑफिसात असं कुणी केलं तर आपण त्याची सालटी काढतो ना?

माझंच उदाहरण घ्या. वरची टाकी आतून ६० बाय ४५ सेंटीमीटर. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की २.७ लिटर पाणी खाली येतं. संप ५० बाय ३०, उंची ३५. म्हणजे दर दीड लिटरला एक सेंटीमीटर चढ. पंप चालू असताना संपात २२ सेंटीमीटर पाणी. दिसायला झकास! पण पाणी वर सोडणारं नोझल मी पाण्याखाली १० सेंटीमीटर ठेवलं होतं, प्रवाह छान दिसतो म्हणून. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि नोझल उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. १० सेंटीमीटर म्हणजे २७ लिटर, अधिक पाइपातलं दोनेक लिटर. संपात मावणार होतं साडेएकोणीस.

एका मंगळवारी रात्री वीज गेली आणि साडेनऊ लिटर खारं पाणी हॉलमध्ये आलं. आईनं ते पुसलं. वीज आल्यावर पंपाच्या कप्प्यात पाणीच कमी, पंप कोरडा घरघरायला लागला. आईनं बिचारीनं नळाचं पाणी ओतून तो भरला. क्षारता दर हजारी ३५ वरून ३३ च्या खाली! शनिवारी मी पोचलो तेव्हा सफाई करणारी कोळंबी मेलेली होती. दोष वीज मंडळींचा नाही, आईचा तर नाहीच नाही. तो भागाकार मी केला नव्हता.

यावर जाणकारांचं उत्तर तयार असतं: "पाइपाला बारीक भोक पाड, नाहीतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लाव." लावा की! पण भोक शेवाळानं आणि मिठानं बुजतं, व्हॉल्व्हवर चुन्याचं कवच चढतं आणि तो नेमका हवा तेव्हा अडकतो. हे जादा संरक्षण झालं, मूळ हिशोब नव्हे. आता माझं नोझल ३ सेंटीमीटरवर आहे. खाली येतं दहा लिटर, संप चढतो पावणेसात सेंटीमीटर, वर सहा शिल्लक.

उलटा अपघातही मोजा. ओसंडायच्या तोंडाशी शेवाळ अडकलं तर पंप खालचं पाणी वर फेकत राहणार. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम छोटा ठेवायचा. माझा १५ बाय ३० चा आहे. पंपाला त्यातलं फार तर पावणेआठ लिटर ओढता येतं, आणि वरच्या टाकीच्या काठाशी आठ लिटरची जागा मोकळी असते. पण कप्पा छोटा म्हणजे बाष्पीभवनानं लवकर रिकामा होणार. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागे राहतं. त्यामुळे भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, आणि पाच दिवस घरी नसणाऱ्यानं ती आपोआप पडेल अशी सोय करायची. प्रत्येक गोष्टीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, ती कागदावरच मोजलेली बरी.

मोठ्या स्किमरवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. छोट्या टाकीत घाण लवकर साठते हे खरंच. पण त्यावर कमी मासे हा उपाय आहे, फुकटचा! आणि वीज जास्त वेळ गेली तर इन्व्हर्टर संपाच्या पंपाला नको, वरच्या टाकीत पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपाला द्या. जीव वर आहेत, आणि त्यांना आधी ऑक्सिजन लागतो.

अजून एक सल्ला हमखास मिळतो: "खाडी दारात आहे, पाणी विकतचं कशाला?" अहो, अंबा नदीचं पावसाळ्यातलं पाणी पाहिलंय का? चहाच्या रंगाचा गाळ, आणि खारेपणा भरती-ओहोटीबरोबर बदलणारा. आणि "मालवणचा दगड" आणून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रातून ते उचलणं गुन्हा आहे.

छंद आपला, हौस आपली, पण वीज गेल्यावर मरतो तो दुसराच कुणीतरी. म्हणून टाकी भरली की पहिल्याच दिवशी, एकही प्राणी सोडण्याआधी, स्वतः प्लग काढा आणि समोर स्टूल टाकून बसा. पाणी थांबेपर्यंत बघा. ही टेस्ट पास झाली तरच पुढची खरेदी. मी ती आता दर महिन्याला करतो, आणि फरशी पुसायचं फडकं स्वतःच्या हातात ठेवतो.