कायदा शिकविणारा आणि जगणारा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि नाथ्रा या गावांनी प्रमोद महाजन व गोपीनाथ मुंडे हे दोन नेते महाराष्ट्राला दिले. दोघांचीही प्रारंभीची घडण विद्यार्थी परिषदेत झाली. त्या पिढीसमोर आदर्श उभा करणाऱ्या प्राध्यापकांमध्ये बाळासाहेब आपटे यांचे नाव आदराने घेतले जाते. राजगुरुनगर येथे १९३९ साली जन्मलेल्या आपटे यांनी मुंबईत विधीचे अध्यापन केले, वकिली केली, परिषदेचे राष्ट्रीय अध्यक्षपद सांभाळले. २००० ते २०१२ अशी बारा वर्षे ते राज्यसभेत होते. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

या शिक्षकाची खरी परीक्षा आणीबाणीत झाली. विद्यार्थ्यांना मूलभूत अधिकार शिकविणाऱ्या या प्राध्यापकालाच कारावास भोगावा लागला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि पुढे सरन्यायाधीशपदाला मुकले. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा अधिकार आणीबाणीतही अबाधित ठेवला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो जुना निर्णय रद्द ठरविला. सत्य न्यायालयात पोहोचायला चार दशके लागली. आपटे यांच्यासारख्यांनी ते तुरुंगात असतानाच ओळखले होते.

आज हे स्मरण बीडमध्ये अधिक अर्थपूर्ण आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली. खंडणीच्या आड येणाऱ्याचे प्राण जातात, तेव्हा सामान्य कुटुंबाचा कायद्यावरील विश्वास डळमळतो. अशा वेळी गुन्हेगाराची जात, पक्ष वा ओळख पाहून आवाज चढविणे अथवा उतरविणे हा संघटनेच्या संस्काराचा पराभव ठरेल. आपला माणूस असला तरी चूक ती चूकच, हे म्हणण्याचे धैर्य कार्यकर्त्याच्या अंगी हवे.

जिल्ह्यातील अनेक तरुण आज विधी महाविद्यालयांची वाट धरीत आहेत. पदवी मिळेल, सनदही मिळेल. परंतु दुर्बलाची बाजू घेण्यासाठी तिचा उपयोग होईल काय, हा प्रश्न पालकांनी घरातच विचारावा. शिक्षकाचे ऋण फेडण्याचा तोच खरा मार्ग आहे.