नव्या रिंगा घालण्याआधी लायनर मापा



गेल्या आठवड्यात आंबागडला गेलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याशी एका घरी जुना ट्रॅक्टर अंगणात उभा होता. सुरू व्हायला कुरकुर, मागे निळा धूर, आणि ऑइल तर रोजच घालावे लागे. घरधनी म्हणाले, "साहेब, रोवणीच्या आधी रिंगा टाकून घेतो. मागच्या सालीबी टाकल्या होत्या." आतून ताई म्हणाल्या, "अन् साल भरायच्या आत पुन्हा धूर सुरू झाला!"

ताईंचे म्हणणे खरे होते. मी एअर क्लीनर उघडायला सांगितला. वाटीतल्या ऑइलचा चिखल झालेला, आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर. धान चुरतानाची धूळ तिथूनच आत जात होती.

अशा धुळीने लायनर वरच्या बाजूला जास्त झिजतो, खाली कमी. त्यात नवी रिंग दर फेऱ्याला पसरते नि आवळते. थोड्याच दिवसांत ती सैल होते, नाही तर तुटते. मग रिंगांचे पैसे पाण्यात.

म्हणून इंजिन खोलले की मिस्त्रीजवळ बसा. नुसती नवी रिंग लायनरमध्ये सरळ बसवायला सांगा. आधी अगदी खाली, जिथे झीज नसते. मग वर, झिजून पडलेल्या कडेच्या जरा खाली. दोन्ही ठिकाणी रिंगेच्या तोंडाची फट फिलर गेजने मापा. फरकाला ३ ने भागा, तेवढी व्यासातली झीज. खाली ०.४० आणि वर १.३० मिलिमीटर फट आली, तर झीज सुमारे ०.३०. कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेपेक्षा ती जास्त भरली, तर नुसत्या रिंगा नकोत, लायनर-पिस्टनही बदला. क्रँक मायक्रोमीटरने मापून घ्या. ती घासावी लागली, तर बेअरिंगही त्याच मापाची घाला. आणि नळी व एअर क्लीनर दुरुस्त केल्यावाचून इंजिन सुरू करू नका.

बांधलेल्या इंजिनाला पहिले ५० तास हलके काम द्या. तासन्तास रिकामे चालवू नका, आणि लगेच चिखलणीलाही जुंपू नका. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदला. एवढी सवड हवी, तर हे काम वैशाखात काढा. मृग लागल्यावर मिस्त्रीलाही घाई आणि तुम्हालाही.

आंबागडच्या ताईंनी आता भिंतीवर वही टांगली आहे. किती तास चालला, किती ऑइल घातले, एअर क्लीनर कधी धुतला, सारे त्या लिहितात. आपल्याही घरी अशी वही असू द्या. ऑइलचा आकडा वाढू लागला, की धूर दिसण्याआधीच तुम्हाला कळेल.